आळीतली शामला, ओळीतली शामली

एकोणपन्नास साली लग्न होऊन मी नागपूरहून पुण्याला, भवानी पेठेत आले आणि पहिल्याच आठवड्यात घरच्यांची करमणूक झाली. इतवारीमागचा आमचा कोष्ट्यांचा मोहल्ला, त्यात आमची ओळ, ओळीच्या टोकाला विहीर, असं मी कौतुकानं माहेर सांगत होते. सासूबाई म्हणाल्या, "ओळ वहीत असते गं. घरांच्या रांगेला आळी म्हणतात." नणंदा पदर तोंडाला लावून हसल्या. पुढे वर्षभर जाता-येता "काय मोहल्लेवाली" ही हाक ऐकली.

मी मुळातली हट्टी. ठरवलं, यांना हसायला जागाच ठेवायची नाही. आळी, बोळ, पेठ, सगळं घोटून घोटून पाठ केलं. एकदा एक नवी शेजारीण मला नारायण पेठेतलीच समजली, तेव्हा केवढा आनंद झाला होता मला! त्या आनंदाची आता लाज वाटते.

सत्तावन्न साली माहेरहून भागीरथावहिनीचं पत्र आलं. माझी आई, अनुसया, चाळीस वर्षं काठाची लुगडी विणत होती; बारीक सुतापायी तिचे डोळे केव्हाच गेले होते. वहिनीनं लिहिलं होतं, "आता माणसंही आठवत नाहीत. फक्त तुमचंच नाव घेऊन राहिल्या. लवकर या." मिळेल त्या गाडीनं निघाले.

पोचले ती थेट खाटेजवळ बसले. म्हटलं, "आई, मी आले गं. शामला."

तिनं माझा हात चाचपला आणि अदबीनं सोडून दिला. "बसा बाई. कुठून आल्या?"

पोटच्या पोरीला बसा म्हणाली! मी वहिनीकडे पाहिलं, तर तिनं मान फिरवली.

आईला एक सवय लागली होती. रोज सकाळी कुणाला तरी जवळ बसवून ती आपला मोहल्ला सांगायला लावायची. घरातून निघायचं, कुठं वळायचं, कुणाचं दार, कुणाचा माग. ऐकता ऐकता तिचा चेहरा खुलायचा. दुसऱ्या दिवशी ते काम मी घेतलं. वाटलं, आता तरी ओळखेल. बोळातून बाहेर पडायचं, मग डावीकडे आळी, आळीच्या टोकाला विहीर, असं मी विहिरीपर्यंत नेलं तिला. ती शहाण्यासारखी ऐकत राहिली.

"चांगलं सांगता बाई. पन हे कोन्तं गाव व्हय?"

वहिनी कानात म्हणाली, "ताई, आपल्या बोलीत बोला ना." मीही घसा साफ करून म्हटलं, "माय वं, मी आली, तुही शामली." शब्द बरोबर होते, पण नाटकातल्या मोलकरणीसारखे निघाले. आईच्या कपाळाला आठी पडली. "आमची नक्कल काहून करून राहिल्या बाई? मी काय बिघडवलं तुमचं?"

त्यानंतर चार दिवस मी तिच्यापाशी जवळजवळ मुकीच राहिले. पाणी पाजायची, पाय चेपायची. ती म्हणायची, "देव तुमचं भलं करो."

पाचव्या दिवशी सकाळी वहिनीनं ओळभर ताणा, मागावर चढवायचं उभं सूत, पसरला होता आणि आम्ही दोघी सुताला खळ लावत होतो. तेवढ्यात एक बंडीवाला बैल हाकत सरळ सुतावर आला. माझं डोकंच फिरलं. "अबे, दिसून नाही राहिलं का तुले? काहून बंडी घुसवतं आमच्या ओळीत? मोहल्ल्यात दुसरा रस्ता नाही का तुले?" आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

आतून आईची हाक आली. केवढी खणखणीत!

"भागीरथा! धाव वं! माही शामली आली!"

खळीचे हात तसेच घेऊन मी आत पळाले. आई उठून बसली होती, हात दाराकडे पसरलेले. मी तिच्या गळ्यात पडले आणि रडत म्हणाले, "आई, मीच गं ती! इथेच आहे मी, बघ ना!" आठ वर्षं घोटलेली जीभ, ऐन वेळी तीच धावून आली.

आईनं मला हलकेच बाजूला सारलं. "सरका बाई जराशा. माही पोरगी दारात उभी हाय."

मग ती दिवसभर दाराकडे कान लावून बसली. मी किती तरी वेळा तोंड उघडलं, पण ती पुन्हा नक्कल म्हणेल या भीतीनं शब्दच फुटेना. संध्याकाळी तिला ग्लानी आली. मी चमच्यानं पाणी पाजत होते, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"तुमी भल्या आहा बाई. खरं सांगा, शामली दारातूनच परत गेली काय?"

"येतेच आहे ती," मी म्हटलं.

ती बरं म्हणाली आणि वाट पाहता पाहता पहाटे गेली.