मधल्या पाण्यावरचे स्तोत्र

मधल्या पाण्यावर येताच टॉर्मोडने नावेचे इंजिन बंद केले, तसे मागे उभे असलेले दोघे एकमेकांकडे पाहू लागले. शवपेटी उचलायला बंदरावरून आलेली ती परगावची माणसे. इथली भाषा त्यांना येत नव्हती. समोर काळे खडक होते आणि ओहोटी नावेला त्याच बाजूला ओढत होती.

"बिघडलं की काय, काका?" शीनाने विचारले.

"नाही गं पोरी. हास्के बेटावर जाणारी पेटी इथं थांबते, स्तोत्र ऐकते, मग पुढं जाते. आजवर एकही मुकी गेली नाही."

हास्केवर आता थडग्यांखेरीज कुणी उरले नव्हते. शेवटी राहिलेली ओइग्रिगही म्हातारपणी लेकीकडे, शीनाकडे, ग्लासगोला गेली आणि आज पेटीतून परतत होती. डोळे मिटण्याआधी तिने शीनाकडून एवढेच कबूल करून घेतले होते, की मधल्या पाण्यावरचे गाणे चुकवू नकोस. टॉर्मोडच्या आवाजाला ती जन्मभर हसली. त्यापेक्षा त्याचे इंजिन बरे, निदान सुरात खोकते, म्हणायची. पण रविवारी चर्चमध्ये त्याने ओळ सांगितली की ती उचलायला सगळ्यांत पुढे तीच.

रीतच तशी होती. एकाने ओळ सांगायची आणि मंडळींनी ती लाटेमागून लाट यावी तशी लांबवत गायची. आज सांगणारा होता, मंडळी नव्हती.

"मला शब्द येत नाहीत," शीना खालमानेने म्हणाली. "आईनं शिकवलेच नाहीत. तुला शहरात जायचं, तिथं काय उपयोग, म्हणाली."

टॉर्मोडने टोपी काढली, पहिली ओळ म्हटली आणि तो थांबला. भरल्या चर्चला ती ओळ गायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ मान कलती करून ऐकत राहिला. मग दुसरी ओळ. पुन्हा तसेच थांबणे. त्या रिकाम्या जागेत काहीतरी चढते आहे, उतरते आहे, असे शीनालाही वाटू लागले.

खडकांवरचे शेवाळ आता स्पष्ट दिसत होते. मागच्या दोघांनी पुटपुटत लांब काठ्या हाती घेतल्या. शेवटची ओळ म्हणून झाली.

"झालं ना, काका? आता सुरू करा."

टॉर्मोडचा हात किल्लीवर होता, पण फिरत नव्हता.

"थांब जरा," तो हळूच म्हणाला. "बाकीच्यांचं झालंय. तुझी आई शेवटचा सूर सोडते सगळ्यांच्या मागून."

शीनाने पेटीवर हात ठेवला आणि तीही थांबली.