विहिरीतलं कच्चं तेल

दादाला वाटायचं, तेल तपासणं म्हणजे बोट बुडवून वास घेणं. मी गुजरातेत तेलाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, म्हणून शहाण्णव साली केदारखेड्याहून त्याने दोन बाटल्या पाठवल्या. एकीत आमच्या विहिरीवर आलेला तवंग, दुसरीत बांधापलीकडच्या त्रिंबकच्या इंजिनातलं तेल. त्रिंबकने वैरापोटी आपली विहीर नासवली, असं दादाने गावभर केलं होतं. दोन्ही घरांचं बोलणं बंद. मला त्या भांडणाचा वीट आला होता.

तेलात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांचे रेणू उरलेले असतात. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने त्यांतले काही उलट्या अंगाला वळतात. तेल जितकं तापलं, तितके जास्त. पुढे शुद्ध करून डब्यात भरलं तरी ही खूण जात नाही. त्रिंबकच्या तेलात निम्मे वळले होते, विहिरीतल्यात जेमतेम पाव. म्हणजे तेलं दोन वेगळी. गाळ काढायला दादाने यारी, म्हणजे विहिरीवरची क्रेन, आणली होती, तिच्याच मशीनचं सांडलं असणार.

मी गावातल्या बूथवर फोन लावून दादाला बोलावलं. इकडे साहेब हाका मारत होते, मी घाईत.

"दादा, ते त्रिंबकचं न्हाई. त्याचं पिकलेलं हाय, विहिरीतलं कच्चं."

"कच्चं तेल? बराबर तपासलं का?"

"बिलकुल कच्चं."

त्याने आवाज खाली आणला. "मंग कोणाला सांगू नको, धर्मा."

त्रिंबकवर उगाच आळ घेतला, त्याची लाज वाटली असेल, असं समजून मी हसलो आणि फोन ठेवला. यारीचं सांगायचं राहून गेलं.

पंधराव्या दिवशी दादा गेल्याचा निरोप आला. विहिरीत त्याने एकट्यानेच सुरुंग लावला होता. उडाला नाही म्हणून बघायला उतरला, तेव्हा उडाला.

मी पोचलो तर त्रिंबक आमच्या ओट्यावर बसून रडत होता. आसरावहिनीने मला आत बोलावलं.

"कोणाला हात लावू दिला न्हाई ह्यांनी. म्हणले, धर्मानं तपासलंय, आपल्या विहिरीखाली कच्चं तेल हाय, खाणीतलं. भाऊजी, अजून किती खाली व्हतं?"

थोडंच, असं म्हणून मी सुटलो असतो. पण उद्या तिने दुसऱ्या कोणाला तरी उतरवलं असतं. मी सगळं सांगितलं. खाली नुसता काळा दगड आहे. कच्चं म्हणजे मला कमी तापलेलं म्हणायचं होतं. तेल यारीचं होतं.



"मंग तसं बोलायचं व्हतं ना, भाऊजी," ती म्हणाली. "त्यांना तुमचा शब्द न शब्द खरा वाटायचा."