धनवंताचा आवाज दौऱ्यावर गेला तेव्हा

धनवंतानं तोंड उघडलं आणि त्यातून काहीच निघालं नाही.

अकरा बाया कंबरेत वाकून बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उभ्या होत्या. हातात पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, पाय पोटरीपर्यंत चिखलात. धनवंतानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि त्या तालावर एकेक पाऊल मागे सरकत रोवत जायचं, ही आमच्या हिरडीटोल्याची रीत. ओळ आली नाही तशा सगळ्या जागीच थांबल्या. मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पेंडी फेकायला उचलली होती, ती तशीच हातात राहिली.

"काऊन वं?" सुशिलाबाईनं मान वर केली. "गळ्यात बेडूक गेला का?"

"बुढ्यानं नजर लावली असन," रेणू माझ्याकडे बघून म्हणाली. "सकाळपासून टुकूटुकू पाहून राहिला."

बाया हसल्या. धनवंता हसली नाही. तिचे ओठ हलत होते, गळ्याची शीर ताठ झाली होती. गाणाऱ्या बाईची होते तशीच. फक्त आवाज नव्हता. आणि बेडकाचं म्हणाल तर तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, बांधीतले बेडूकही गप्प होते. भर आषाढात, पाण्यानं भरलेल्या शिवारात एक बेडूक बोलत नव्हता. पाचेक मिनिटांनी ते एकदम ओरडायला लागले आणि धनवंताच्या तोंडून ओळीचा शेवटचा तुकडा बाहेर पडला, कोणीतरी खोलीचं दार उघडल्यावर आतलं बोलणं ऐकू यावं तसा.

साडेतीन वाजले होते. ही वेळ ध्यानात ठेवा.

धनवंताची ओळख सांगायची तर दोन ओळींत संपते. नवरा गेलेला, लेकीचं लग्न झालेलं, दोन खोल्यांचं घर, चार कोंबड्या. चाळीस वर्षं रोवणीच्या टोळीची गाणारीण. ती गायला लागली की चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी एक बोट वर चढायचं, असं काही मी म्हणणार नाही. अर्धं बोट म्हणेन. एवढा आवाज, पण तो कधी तिरोड्याच्या पुढे गेला नव्हता, कारण तीच गेली नव्हती.

गेला तो गुंजनमुळे. गुंजन म्हणजे ज्यांच्या बांध्या आम्ही रोवतो त्या इंद्रकुमारची मुलगी. पुण्याला शिकायला गेली आणि गिटार घेऊन आली. तिनं आणि तिच्या तीन मित्रांनी मिळून रॉक बँड काढला, नाव ठेवलं 'तिसरी लाईन'. हा बँड लग्नात वाजवतात तसला नव्हे. हे लोक दिवे लावून, धूर सोडून, आपलीच गाणी आपणच मोठ्यानं गातात आणि लोक तिकीट काढून ऐकतात. यांचा नवा अल्बम यायचा होता. फाल्गुनात गुंजन मित्रांना घेऊन गावी आली, बैठकीच्या खिडक्यांना गोधड्या लटकवल्या, मधोमध माइक उभा केला आणि धनवंताला म्हणाली, "काकू, रोवण्याचं गाणं म्हण. पूर्ण."

धनवंता म्हणाली, "कोरड्यात गाणं निघत नाई, पोरी."

मग दोन घमेल्यांत माती कालवली, पाणी ओतलं, आणि धनवंता एकेका घमेल्यात एकेक पाय ठेवून बैठकीत उभी राहिली. इंद्रकुमारच्या फरशीवर चिखल सांडला, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ती पूर्ण गायली, सुरुवातीपासून पाय सोडवण्यापर्यंत.

पाय सोडवणं म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. हंगामाची शेवटची बांधी रोवून झाली की कोणी आपण होऊन बाहेर येत नाही. गाणारीण एकेकीचं नाव घेऊन ओळ टाकते, जिचं नाव तिनं पाय उचलायचा आणि धुऱ्यावर यायचं. सगळ्या आल्या की सर्वांत थोरली बाई गाणारणीचं नाव घेते. तेव्हा ती बाहेर. माझ्या लहानपणी वीज पडली म्हणून बाया पळाल्या आणि त्या वर्षीच्या गाणारणीचं नाव घ्यायचं राहून गेलं. ती पुढे तीस वर्षं जगली, पण सिमेंटच्या रस्त्यावरसुद्धा चिखलातून पाय उपसत असल्यासारखी चालायची. मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आवाजही यायचा, पचक पचक.

तर त्या दिवशी बैठकीत गाणं संपलं, बँडची मुलं "क्या बात है" म्हणत टाळ्या वाजवू लागली, गुंजननं चहा आणला, आणि धनवंता घमेल्यांतून उतरून चहा प्यायली. तिचं नाव कोणी घेतलं नाही. घेणार कोण? आमच्यातली थोरली सुशिलाबाई तिथं नव्हती, आणि धनवंतालाही वाटलं, हे काही खरं शेत नव्हे.

अल्बम निघाला. बँड दौऱ्यावर गेला. रेणूच्या मोबाइलवर दौऱ्याचं पोस्टर आलं, त्यात गावांची नावं आणि तारखा. आधी लंडन, बर्लिन, पॅरिस. मग मेलबर्न, सिडनी, टोकियो, आणि शेवटी अमेरिका. युरोपातले कार्यक्रम झाले तेव्हा आपल्याकडे सगळं गाव झोपलेलं असायचं, त्यामुळे काही कळलं नाही. मेलबर्नचा कार्यक्रम आपल्या साडेतीनला होता.

सिडनीच्या दिवशीही साडेतीनलाच बेडूक गप्प झाले. मग मात्र बायांनी ते पोस्टर पंचांगासारखं वापरायला घेतलं. "परवा टोकियो हाय, गाणं नाई व्हत, पऱ्हे खणून घेऊ," असं ठरू लागलं. हसण्यावारी चाललं होतं. आमची माणसं भुताशीही आधी गंमत करून बघतात.

टोकियोची चित्रफीत आली आणि गंमत संपली.

टोकियोच्या दिवशी दुपारी इंद्रकुमार बांधीवर आला होता. बाभळीत अडकून त्याची छत्री तिथंच आमच्यासमोर फाटली होती. मालकावर ओळ जोडणं हा गाणारणीचा हक्कच. धनवंतानं मनात जोडली, म्हणायला तोंड उघडलं, आणि साडेतीन वाजले. ओळ तिच्या मनातच राहिली. आम्हाला तिनं ती सांगितलीही नव्हती.

आता धनवंताच्या घरी, चुलीपाशी, रेणूच्या मोबाइलवर निळ्या उजेडात गुंजन गिटार घेऊन उभी होती, समोर हजारेक जपानी माणसं, आणि मागून धनवंताचा आवाज येत होता,

"मालकाच्या छत्रीले सात भोकं गं बाई,
पाणी गेलं डोक्यात, मालकाले खबर नाई."

धनवंतानं पदर तोंडात धरला. "हे मी कोठं म्हटलं?" ती म्हणाली. "हे त मी गिळलं होतं."

तेवढ्यात गुंजनचाच फोन आला. पोरगी घाबरलेली होती.

"काकू, आप्पाच्या छत्रीला भोकं पडलीत का?"

"सात," रेणूच म्हणाली. "मोजली आमी."

मग गुंजन म्हणाली, "काकू, आमच्या गाण्यात तुझा आवाज फक्त चाळीस सेकंदांचा घेतलाय. तो संपला तरी तू गातच राहतेस. टोकियोत आम्ही लॅपटॉप बंद केला. वायर काढली. तरी तू गात होतीस."

"मी त इथं मुकी उभी होती, माय."

"शेवटचा शो उरलाय, सॅन फ्रान्सिस्कोचा. मी ते गाणं काढून टाकते. तुझा आवाज तुझ्याजवळ राहील."

सुशिलाबाईनं मान डोलावली. "काढून टाक, पोरी. अन् धनवंते, तू आयक. ते गाणं तिथं पूर्ण झालं, नावं घेऊन झाली, त तुया गळा तिथंच राहीन. घरचा रस्ता सापडाचा नाई त्याले."

धनवंतानं फोन हातात घेतला. "ते लोक काय करतात वं, मी गातो तवा?"

"गप्प उभे राहतात." गुंजन अडखळली. "आणि जोडे काढतात, काकू. प्रत्येक ठिकाणी. कोणी सांगत नाही त्यांना. गाणं सुरू झालं की वाकतात आणि जोडे काढून अनवाणी उभे राहतात. शो संपला तरी निघत नाहीत. सिक्युरिटीवाले ढकलतात तेव्हा जातात. एका बाईनं मला नंतर लिहिलं, घरी आले पण पाय जड झालेत."

धनवंता खाली बसली. चुलीजवळच्या राखेवर बोटानं रेघा ओढत राहिली.

"मंग काढू नको," ती म्हणाली.

"काऊन?" सुशिलाबाई भडकली. "येडी झाली का? कोन लागतात ते तुये?"

"ते चिखलात उभे हायेत, सुशिलाबाई. मीच उभं केलं. उभं करून सोडून देणारी गाणारीण पायली का तू? चाळीस वर्सांत एकीले तरी मी बांधीत ठेवली?"

"अन् तुया गळा?"

त्या संध्याकाळी धनवंता एकटीच कालव्याच्या, म्हणजे आमच्या नहराच्या, काठानं गात गेली. रोवण्याची, लग्नाची, लेकीला झोपवायची, येत होती तेवढी सगळी गाणी. आम्ही आपापल्या दारात उभं राहून ऐकलं.

शेवटचा शो तिकडच्या रात्री नऊचा, म्हणजे आपल्या सकाळी साडेनऊचा. मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण पावसानं चार दिवस खाल्ले आणि आमची शेवटची बांधी नेमकी त्याच सकाळी आली. नवाच्या पुढे रोवून झाली. अकरा जणी ओळीत उभ्या राहिल्या. रेणूनं मोबाइल पॉलिथिनमध्ये गुंडाळून हातात धरला होता, गुंजननं तिकडून फोन चालू ठेवला होता.

साडेनऊला बेडूक गप्प झाले. धनवंताचे ओठ हलू लागले आणि आवाज रेणूच्या हातातल्या पिशवीतून आला.

ओळीमागून ओळी झाल्या. मग नावं सुरू झाली. पहिलं नाव आमच्यातलं नव्हतंच. मार्गारेट. मग लुईस. मग एक चिनी की जपानी नाव. धनवंताचे ओठ त्या नावांवर असे फिरत होते जसे टोळीतल्या शामकलाला हाक मारताना फिरावेत. प्रत्येक नावाबरोबर पिशवीतून आणखी एक आवाज यायचा, पाय चिखलातून निघतो तसला. गुंजननं नंतर सांगितलं, त्या हॉलची जमीन लाकडी होती आणि कोरडी होती. मी मोजत होतो, तीनशेनंतर सोडून दिलं. बाया तशाच उभ्या. ऊन चढलं, पाण्यावर वाफ धरली, कोणी हललं नाही. धनवंताच्या ओठांना भेगा पडल्या.

सगळ्यांत शेवटी आवाज म्हणाला, रेणू. रेणूनं पाय उचलला. मग शामकला, रीना, एकेक करत सुशिलाबाईपर्यंत. दहा जणी धुऱ्यावर आल्या. पिशवीतला आवाज थांबला. टाळी नाही, काही नाही. नुसती चालत जाणाऱ्या माणसांच्या पावलांची सळसळ.

"धनवंता," सुशिलाबाईनं हाक मारली. तिला ओळ काही जोडता आली नाही. "धनवंता, चल माय. बाहेर ये."

तिनं आधी डावा पाय उचलला, मग उजवा. धुऱ्यावर येऊन नहरात पाय धुतले. काहीतरी म्हणाली, आम्हाला ऐकू आलं नाही. हातानं दाखवलं तेव्हा कळलं, पाणी मागत होती.

तिचा आवाज परत आला नाही. गुंजन दिवाळीत आली, नागपूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, गळा अगदी ठणठणीत आहे.

यंदा रेणू गाणारीण झाली. बरी गाते. मालकावरच्या ओळी जरा कच्च्या आहेत, पण जमेल. धनवंता ओळीत शेवटच्या टोकाला असते. तिची रोवणी अजूनही दोरी धरल्यासारखी सरळ. रेणू एक ओळ टाकते, बाया उचलतात, आणि पुढची ओळ टाकण्याआधी रेणू एका श्वासाएवढी थांबते. तिला हे कोणी शिकवलेलं नाही. तेवढ्या वेळात धनवंताचे ओठ हलतात, आणि बाया, ऐकू आल्यासारख्या, एक पाऊल मागे सरकतात.