शेवटचे प्रकरण माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची तक्रारपेटी आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. उभ्या आयुष्यात माझ्या वाट्याला तक्रारी मोजून नऊ आल्या. खून मात्र मी शंभरावर पचवले आहेत. कसे, ते सांगते. पण क्रमाने सांगेन, कारण माझ्या घरी शेवट आधी सांगणाऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

मला एका पत्रेवाल्याने घडवले. बादल्या, नरसाळी आणि टपालपेट्या करणारा तो कसबी माणूस होता. एका पाण्याच्या टाकीचा उरलेला पत्रा त्याने बेतला, कोपऱ्यांना डाख दिला, वर चिठ्ठी टाकायला फट कापली. फटीची धार कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून त्याने ती कड आतल्या बाजूला दुमडली. ही दुमड लक्षात ठेवा, मित्रांनो. मग मला हिरवा रंग लागला, कुलूप लागले आणि पांढऱ्या अक्षरांत 'तक्रारी व सूचना' असे माझ्या कपाळावर लिहिले गेले.

एका कचेरीच्या जिन्याजवळ मी अकरा वर्षे भिंतीला टांगलेली होते. दुसऱ्याच वर्षी माझी किल्ली हरवली आणि कुणाला तिची आठवणही झाली नाही. तक्रार टाकणारा माणूस दोन-चार दिवस येता-जाता माझ्याकडे आशेने बघायचा, मग बघेनासा व्हायचा. त्याचे मला फार वाईट वाटे. त्याचे म्हणणे माझ्या पोटात सुरक्षित होते, पण ते वाचायलाच कुणी येत नव्हते. पुढे ती कचेरी बंद झाली. सामान विकायला निघाले तेव्हा एक बाई दोन खुर्च्या घ्यायला आल्या. तिथल्या माणसाने मला खुर्चीवर ठेवून दिले आणि म्हणाला, "हीपण न्या, उगाच जागा अडवते."

त्या बाई म्हणजे आमच्या ताई. पंधरा वर्षे त्यांनी एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रिते तपासली होती. भूगोलातल्या चुका सुधारता सुधारता त्या जेवणाच्या सुट्टीत रहस्यकथा वाचत. एके दिवशी त्यांनी नोकरी सोडली आणि धाकट्या भावाला हाताशी धरून स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. छापायच्या त्या फक्त रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. नातेवाईक म्हणाले, ताईला खूळ लागलं. मोठे प्रकाशक म्हणाले, भुताखेतांची पुस्तकं वाचतं कोण? ताईंनी दोन्ही म्हणणी ऐकून घेतली आणि दारावर पाटी ठोकली.

तिथे तिघेच होते. ताई स्वतः, गठ्ठे बांधण्यात तरबेज असलेला त्यांचा भाऊ, ज्याला सगळे गठ्ठ्या म्हणत, आणि संगणकावर पाने जुळवणाऱ्या मावशी. ताईंनी मला नवे कुलूप लावले आणि एक अजब रीत सुरू केली. रहस्यकथेचे हस्तलिखित आले की त्याचे शेवटचे प्रकरण न वाचता काढायचे आणि माझ्या पोटात बंद करायचे. मग बाकीचे तिघांनी वाचायचे, खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी माझ्या फटीत टाकायची. ठरल्या दिवशी ताई एकट्या, भिंतीकडे तोंड करून मला उघडत. तिघांनीही ओळखले असेल तर हस्तलिखित लेखकाकडे परत जाई. कुणालाच ओळखता आले नाही, तर लेखकाने मध्ये काही लबाडी तर केली नाही ना, हे तपासले जाई. पेटी उघडेपर्यंत शेवटच्या पानाकडे डोळा वर करून बघायचे नाही, अशी तिघांची शपथ होती.

म्हणजे बघा, जिला कुणी उघडत नव्हते, तिच्याशिवाय आता एकही रहस्यकथा छापली जात नव्हती. मी थोडी फुगून बसत असेन, तर तो पत्र्याचा दोष समजा.

चौथ्या वर्षी एक काका आले. तीस वर्षे त्यांनी ॲम्ब्युलन्स चालवली होती. रुग्णाला आत पोचवून बाहेर गाडीत थांबावे लागे, तेव्हा ते पाठकोऱ्या कागदांवर कादंबरी लिहीत. अशी बारा वर्षे गेली. कागद ते गाडीतल्या औषधांच्या पेटीत लपवत, कारण घरी काकू होत्या. काकूंना कुठल्याही रहस्यकथेतला खुनी अर्ध्यावर कळे. सिनेमा असला तर त्या स्वयंपाकघरातून, पडद्याकडे न बघता, नाव सांगत. चाळीस वर्षांत काकांना एकही शेवट सुखाने बघायला मिळाला नव्हता.

"ताई, पुस्तक खपो, न खपो," काकांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "हिला एकदा तरी खुनी ओळखता येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. तिला एक ओळसुद्धा दाखवलेली नाही मी."

ताईंनी तेविसावे प्रकरण काढून मला दिले. पण तेव्हा पुस्तक प्रदर्शन तोंडावर आले होते. गठ्ठ्या तापाने घरी पडला होता, त्याचे वाचून व्हायचे होते. ताई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बावीस प्रकरणं जुळवायला घ्या, पेटी मागाहून उघडू." पेटी उघडण्याआधी काम सुरू व्हायची ही पहिलीच वेळ होती. मुद्रिते तपासताना ताई बाविसाव्या प्रकरणाशी थांबल्या. त्यांना वाटले, पुढचे मावशींनी शपथेसाठी झाकून ठेवले आहे. मावशींना वाटले, शेवटचे प्रकरण ताईंनी परस्पर छापखान्यात दिले आहे. शेवटचे पान कुणीच उघडून बघितले नाही. शपथच होती ना! पाने छापायला गेली त्या दिवशी मी आतून कागद फडफडवून पाहिले. पण कडेला टेबलपंखा फिरत होता, कुणाला ते वेगळे वाटले नाही.

हजार प्रती तयार झाल्या. दोनशे नेहमीच्या वाचकांना टपालाने गेल्या. पहिली प्रत काकांनी मोठ्या थाटात काकूंच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही आमच्या दारात हजर.

"ताई, दार लावून घेतलं हो मी," काकू आत येत म्हणाल्या. "आता पुढे काय करू?"

ताईंना काही कळेना. काकूंनी पुस्तक उघडून समोर धरले. शेवटची ओळ होती, "दार लावून घ्या," निरीक्षक म्हणाले, "खुनी याच खोलीत आहे." पान उलटले की 'आमची इतर प्रकाशने'.

ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी मावशींकडे बघितले, मावशींनी त्यांच्याकडे, आणि मग दोघींनी एकदमच माझ्याकडे. त्या वेळी मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले, आपण कचेरीच्या जिन्यातच बऱ्या होतो.

काका मटकन खुर्चीत बसले. "बारा वर्षं," ते म्हणाले. "आणि नेमकं तेवढंच राहिलं?"

"चूक माझी आहे, काका. मी सगळ्या प्रती परत मागवते." ताईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "शेवटचं प्रकरण ह्या पेटीत आहे. आम्ही सगळे आधी चिठ्ठ्या टाकतो, म्हणून..." आणि त्यांनी ती रीत सांगितली.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतले. "मग मलाही द्या की एक कागद. मी तर सगळं वाचून बसलेय."

काका ताठ झाले. काकू भिंतीशी उभ्या राहून लिहू लागल्या आणि काका त्यांच्या पाठीकडे असे बघत राहिले, जणू तिथेच निकाल लागणार होता. काकूंनी पाठमोऱ्याच चिठ्ठीची बारीक घडी घालून ती माझ्या फटीत टाकली. ती जाड घडी खाली पडलीच नाही. पत्रेवाल्याने दुमडलेल्या कडेत ती अडकली.

ताईंनी मला उचलले, भिंतीकडे तोंड केले आणि कुलूप काढले. तेविसावे प्रकरण त्यांनी उभ्या-उभ्या वाचले. त्यांची स्वतःची चिठ्ठी चुकली होती, मावशींचीही चुकली होती. त्यांनी मला उलटे करून झटकले, पुन्हा झटकले. मीही एकदा धरले ते धरले.

"काकू, तुमची चिठ्ठी काही सापडत नाही."

काकूंनी काकांकडे बघितले. काकांनी श्वास रोखून धरला होता. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीची कड घट्ट पकडली होती.

"टाकलीच नाही मी," काकू म्हणाल्या. "हातातच चुरगळली. नाही ओळखता आलं बाई मला."

"काय म्हणालीस? परत म्हण."

"नाही ओळखता आलं! आता काय पाटी लिहून दारावर लावू?"

काका असे हसले की खालून सायकलवाल्याने हातोडी थांबवून वर बघितले. मग ते उभे राहिले आणि तेविसावे प्रकरण त्यांनी खड्या आवाजात वाचून दाखवले. खुन्याचे नाव आले तेव्हा काकूंनी तोंडावर हात ठेवला. मावशी तर खुर्चीतून उठल्याच. ताई मात्र श्रोत्यांचे चेहरे बघत होत्या. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, "प्रती परत नाही मागवायच्या. ही मजा आपण तिघंच इतकी वर्षं घेतोय. वाचकांना का नाही द्यायची?"

संस्थेचे महिन्याचे बातमीपत्र निघत असे. त्यात ताईंनी सरळ लिहिले: आमच्या हातून शेवटचे प्रकरण पेटीतच राहिले. खुनी कोण, ते तुम्ही लिहून पाठवा. प्रकरण बंद पाकिटात तुमच्या घरी येईल. मित्रांनो, दोनशे वाचकांपैकी एकशे अडुसष्ट जणांनी पत्रे धाडली! मी तीनदा गच्च भरले, तीनदा रिकामी झाले. अकरा जणांचे उत्तर बरोबर निघाले. एका आजोबांनी तर सहा पाने लिहून भलत्याच माणसाला फासावर चढवले होते. वर्तमानपत्रात बातमी आली, उरलेल्या आठशे प्रती हातोहात गेल्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक रहस्यकथेचे शेवटचे प्रकरण वेगळे शिवून, बंद पाकिटात येते. ती आमची ओळखच झाली.

मग घोडदौड सुरू झाली. वर्षाला सहा पुस्तकांची चोवीस झाली. भयकथांची माला निघाली. ग्रहताऱ्यांवरच्या कथा लिहिणारी नवी मंडळी दाराशी रांग लावू लागली. सायकलवाल्याने दुकान मोठ्या रस्त्याला नेले, ती जागा गठ्ठ्याच्या बांधणीखात्याने घेतली आणि त्याच्या हाताखाली चार माणसे आली. भुताखेतांची पुस्तके वाचते कोण, असे विचारणारे प्रकाशक आता प्रदर्शनातल्या आमच्या मांडवात येऊन पाकिटे चाचपून बघतात. हे सगळे माझ्या पोटातून निघाले, असे मी म्हटले तर त्यात फुशारकी थोडी आणि खरे जास्त आहे.

पण भरभराट झाली की जुन्याला जागा पुरत नाही. वाचक फोनवरून उत्तरे पाठवू लागले. हस्तलिखितेही कागदावर येईनाशी झाली. मला कपाटावर चढवण्यात आले, बंद पडलेल्या त्या टेबलपंख्याशेजारी. तीन वर्षे माझ्यावर धूळ साचली. खालची हशा-मस्करी कानावर येई, पण चिठ्ठी येत नसे. रंगाचे पोपडे उडाले, खालच्या डाखाशी गंज धरला. जिन्याजवळचे दिवस पुन्हा आठवू लागले.

गेल्या महिन्यात संस्था मोठ्या जागेत जायला निघाली. गठ्ठ्याने भंगाराचा ढीग लावला. पंखा गेला, मोडक्या खुर्च्या गेल्या, मग त्याने मला उचलले. सवयीने एकदा हलवले. आत खुट्‌ झाले.

"ताई, आत काहीतरी आहे गं!"

ताई आल्या. त्यांच्या केसांत आता पांढरे जास्त आहे. त्यांनी फटीत पट्टी घालून त्या दुमडीतून एक जाड घडी मोकळी केली. ती त्यांनी उलगडली, वाचली आणि पुन्हा वाचली. मग चष्मा काढून पुसला.

"काय आहे?" गठ्ठ्याने विचारले.

"काही नाही. जुनी तक्रार आहे कुणाचीतरी." ताईंनी चिठ्ठीची घडी घातली, माझ्या फटीत टाकली आणि कुलूप ओढून बघितले. "ही पेटी माझ्या नव्या टेबलावर ठेव. आणि हिला भंगारात घालशील तर आधी तुला घालीन."

आता मी ताईंच्या उजव्या हाताशी बसते. मला रोज फडक्याने पुसले जाते, गंजावर तेलाचा हात फिरतो. काकांचे चौथे पुस्तक परवाच निघाले. समारंभात त्यांनी नेहमीचेच वाक्य टाकले, "चाळीस वर्षांत कुणाला जमलं नाही, पण हिला मी हरवलंय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत काकूंनीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

मित्रांनो, मी आजवर कुणाचे गुपित फोडलेले नाही. पण पत्रा काही अमर नसतो, म्हणून हे एकच तुमच्याकडे सांभाळायला देते. जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा हलवून बघत जा. तिने कुणाचे काय जपून ठेवले असेल, सांगता येत नाही. माझ्या पोटात काकूंच्या अक्षरात बरोबर उत्तर लिहिले आहे: 'कंपाउंडर. एकोणसाठाव्या पानावरच कळलं. ताई, ह्यांना सांगू नका. बारा वर्षं गाडीत बसून लिहिलंय.'

आणि काका कधी भेटलेच, तर तुम्हीही एवढेच म्हणा, की खुनी कोण ते आम्हालाही शेवटपर्यंत कळले नाही.