हातोडीवरची पट्टी

थोरल्याला लहानपणापासून एक खोड, विचारायचं म्हणून नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात घालायचा आणि वर शाबासकीला उभं राहायचं. पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर, आता निवृत्त. घरातल्या एकेका स्क्रूवर त्याचा डोळा. म्हातारीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी बाहेरच्या खोलीतलं पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा तिने त्यालाच बोलावलं. म्हणाली, चालू कर, पण ठोक्यांच्या वाटेला जाऊ नकोस. का, ते सांगितलं नाही. पोटच्या पोराला कारणं देत बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

कारण होतं. थोरला दोन वर्षांचा असताना त्याच्या पाठची आठ महिन्यांची मुलगी तापाने फणफणली. दर तासाच्या ठोक्याला पोर दचकून उठायची. तेव्हा वडिलांनी तिच्या टोपड्याची पट्टी फाडून घड्याळातल्या हातोडीला गुंडाळली. ठोका मऊ झाला, पोर झोपली. तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. तिचे कपडे देऊन टाकले. पट्टी तेवढी जिथल्या तिथे राहिली. नवरा गेल्यावर हे ठाऊक असलेलं माणूस म्हणजे म्हातारी एकटीच.

थोरल्याने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, चाकं ओळीने मांडली, दात्यांतला मळ काडीने कोरून काढला. दोन दिवस सगळ्यांची पानं स्वयंपाकघरात जमिनीवर. घड्याळाला आधी वाढू का, असं सुनेने विचारूनही घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चार ठोके पडले. खणखणीत.

म्हातारी निवडत असलेली भाजी टाकून बाहेर आली. हातोडीवरची पट्टी कुठे, म्हणाली.

"ती चिंधी?" थोरला हसला. "आई, इतकी वर्षं बिचाऱ्याच्या तोंडात बोळा होता. तिनेच तर चाकं पुसली."

तेलाने काळीकुट्ट झालेली पट्टी तिने मोरीत नेली, साबण लावून चोळली. डाग हटेना. पुन्हा चोळली, तर धागेच सुटायला लागले. मग ओली पट्टी टेबलावर ठेवून तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, बाजाराचा हिशेब सांगावा तसं. थोरल्याचं तोंड उतरलं. आपल्याला एक बहीण होती, हे त्याला साठीला कळत होतं. जरा वेळाने त्याने पट्टी उचलली आणि, परत बांधतो, म्हणाला.

"नको बांधूस," म्हातारी म्हणाली. "हात बापाचे घेतलेस, धीर नाही घेतलास. फाडायच्या आधी ते मला विचारायला आले होते, कुठलं टोपडं घेऊ म्हणून. आता वाजू दे मोकळं. कुणाची झोप मोडेल, असं या घरात कुणी राहिलेलं नाही."