सवडीच्या यादीतले बाबा

मी सुखदाचा मोबाइल बोलतोय. बोलणं हेच खरं तर माझं काम. पण माझ्यावरून कुणाशी नीट बोलायची पद्धत आता मागे पडली आहे. तेव्हा म्हटलं, आज आपणच बोलावं.

माझा जन्म नोएडातल्या एका कारखान्यात झाला. घड्याळ, कॅलेंडर, नोट्स, रिमाइंडर, रेकॉर्डर असा सगळा संसार पोटात घेऊनच मी बाहेर पडलो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'स्मार्ट' असं छापलेलं होतं आणि ते मी खरं मानलं. तोंडावर केलेल्या कौतुकाला माणसंही फसतात, मी तर चार दिवसांचं यंत्र होतो.

सुखदा मूळची पुण्याची. गाझियाबादला, वैशालीत, सातव्या मजल्यावर तिचं घर. नवरा अनिश, दहा वर्षांची वैभवी आणि मी, असं कुटुंब. मंगळवारी आणि शुक्रवारी ती घरूनच ऑफिसचं काम करते. पहिलं वर्षभर माझ्याकडे हलकी कामं होती. इस्त्रीच्या कपड्यांबद्दल प्रेसवाल्या भैयाला निरोप पाठवायचे, सोसायटीच्या ग्रुपवरची पार्किंगची भांडणं दाखवायची, डब्याचा फोटो काढायचा. मी सुखात होतो.

मग एका सकाळी तिने माझ्यावरच एक व्हिडिओ बघितला. त्यात एक तुकतुकीत माणूस सांगत होता की वेगळं काही विकत घेऊ नका, फोनमध्ये आहे तेवढंच पुरे. फक्त ते एकमेकांना जोडा, म्हणजे आयुष्य सुरळीत होईल.

"अनिश, यार, मी इतकी वर्षं उगाच नवीन नवीन अ‍ॅप उतरवत होते," सुखदा म्हणाली. "सगळं आधीपासूनच आत आहे. जोडायचं फक्त."

"बिल्कुल जोड," अनिश स्वयंपाकघरातून म्हणाला. "मी तोवर पोहे करतो."

पोहे झाले, खाल्ले गेले, भांडीही घासून झाली, तरी सुखदा जोडतच होती. गंमत म्हणजे सगळा आराखडा तिने आधी कागदावर काढला. डोक्यात आलेली प्रत्येक गोष्ट आधी नोट्समध्ये. तारीख असेल तर तिथून कॅलेंडरमध्ये. करायचं काम असेल तर रिमाइंडरमध्ये, फारच महत्त्वाचं असेल तर शिवाय गजर. तोंडी सांगितलेल्यात तारीख सापडली नाही, तर ते मी आपोआप एका वेगळ्या यादीत टाकायचं. तिचं नाव 'सवडीने'. रविवार सोडून रोज दहा ते एक फोन गप्प. त्याला तिने नाव दिलं 'मौन'. मौनात फक्त बॉस, अनिश आणि वैभवीची शाळा एवढेच आत येऊ शकत. बाकीच्यांचे निरोप मी साठवायचे आणि संध्याकाळी सहाला एकगठ्ठा सादर करायचे. या सगळ्याला ती 'सिस्टीम' म्हणायची.

माझी छाती फुगली. मी आता नुसता फोन नव्हतो, कार्यालय होतो!

पण खरं सांगायचं तर कार्यालय कसलं आणि काय! एका खोलीत पाच कारकून बसवले होते, आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. नोट्सला जे ठाऊक ते कॅलेंडरच्या गावीही नसे. या टेबलावरची फाइल त्या टेबलावर न्यायला शिपाई लागायचा, आणि तो शिपाई सुखदाच होती. वेळ वाचवण्यासाठी ती रोज पाऊण तास माझ्या फायली हलवायची. 'खोल श्वास घे' असा एक गजर होता. तो वाजला की बिचारी दर वेळी दचकायची.

तरी तिचा माझ्यावर विश्वास होता. तिचा नियमच होता: एकदा फोनमध्ये टाकलं की डोक्यातून काढायचं. मी हा नियम ऐकून फुशारलो होतो. तेव्हाच घाबरायला हवं होतं.

सुखदाच्या वडिलांचं नाव अशोक. पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला. सुखदाची आई गेल्यापासून ते एकटेच राहत. माझ्या कॅलेंडरमध्ये त्यांची जागा ठरलेली होती: 'बाबा, रविवार, ११ ते ११.१५'. सव्वाअकराला मी हलकेच टिंग करायचो. ते पलीकडे बाबांनाही ऐकू जायचं. "चला, घंटा झाली," असं म्हणून तेच आधी फोन ठेवायचे. पुढे पुढे तर अकरा चौदालाच आवरतं घ्यायला लागले. दुसऱ्या कुठल्याही वारी त्यांनी कधी फोन केला नाही. मला वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे!

'आमच्याकडे राहायला या' हे सुखदा त्यांना दीड वर्ष सांगत होती. ते टाळत होते. शेवटी एका रविवारी ते म्हणाले, "येतो. चार दिवस राहून बघतो. तुमची अडचण होत नाही असं वाटलं तर पुण्याची जागा भाड्याने देऊन टाकू. नाहीतर शनिवारचं परतीचं तिकीट आहेच. परवा साडेदहाला निजामुद्दीनला पोचतो."

सुखदाला रडूच आलं. आनंदाने. तिने खोली तर आधीच लावून ठेवली होती. नवी चादर, उशाशी दिवा, खिडकीत खुर्ची. बाबांनी राहावं, यापेक्षा जास्त तिला त्या वर्षी काही नको होतं, हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात मी टिंग केलं. बाबांनी फोन ठेवला. घाईघाईत सुखदाने मला तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "परवा बाबा येणार, स्टेशन."

आता इथे माझी अक्कल बघा. बाबांचा फोन लागायच्या पाचच मिनिटं आधी तिने प्रेसवाल्या भैयाला हिंदीत निरोप सांगितला होता, त्यामुळे माझे कान हिंदीचेच राहिले होते. तिचं 'परवा' मी 'परवाह' असं लिहिलं. परवाह बाबा येणार स्टेशन. परवाह काही तारीख नव्हे. तारीख नाही म्हणजे कुठे? नियमाप्रमाणे 'सवडीने'च्या यादीत. तिथे 'माळा आवरणे' आणि 'इटालियन शिकणे' यांच्यामध्ये मी बाबांना नीट बसवलं आणि कामगिरी पार पाडल्याच्या आनंदात स्क्रीन विझवला.

सोमवार ऑफिसच्या बैठकांत गेला. अनिश कामासाठी हैदराबादला. सुखदाच्या डोक्यात 'या आठवड्यात बाबा येणार' एवढंच उरलं होतं. वार कोणता ते मी सांगणार होतो. सोमवारी संध्याकाळी तिने विश्वासाने मला विचारलंसुद्धा. मी मंगळवारचं पान दाखवलं: दहा ते एक मौन, अहवाल पूर्ण करणे. बाकी दिवस मोकळा.

मंगळवारी अकराला बाबांचा फोन आला. मी मौनात होतो. बाबा कुणाच्या यादीत होते? बॉसच्या नाही, शाळेच्या नाही. मी तो कॉल गुपचूप जिरवला. पाच मिनिटांनी त्यांचा निरोप आला. 'पोचलो. काम आटोपून सावकाश ये. घाई नाही.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी तो संध्याकाळी सहाच्या गठ्ठ्यात ठेवला.

मला वाईट वाटलं का? तेव्हा नाही. तेव्हा मी टेबलावर पालथा पडून नियम पाळत होतो. आज आठवलं की मात्र बॅटरी गरम होते.

एक वाजला. मौन सुटलं, पण अहवाल सुटला नव्हता. दोन वाजले. अडीचला वैभवी शाळेतून आली आणि तिने वहीचा फोटो काढायला मला उचललं. लहान मुलांना मोठ्यांच्या याद्या वाचायची फार हौस.

"मम्मा, ये 'परवाह बाबा' क्या है?"

"घरात मराठी बोल. काय म्हणालीस?"

"परवाह बाबा येणार स्टेशन. असं लिहिलंय. म्हणजे कुठले तरी बाबाजी आहेत का?"

 सुखदाने मला ओढून घेतलं, 'परवाह' वाचलं, रविवारपासून बोटांवर दिवस मोजले, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला पुन्हा ऐकायचा नाही.

वैभवीला घेऊन टॅक्सीत बसल्यापासून ती बाबांना फोन लावत होती. लागत नव्हता, त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती. हायवेवर अक्षरधामच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. तिने माझ्यावर नकाशा उघडला, मी म्हणालो, अठ्ठावीस मिनिटं. थोड्या वेळाने म्हणालो, एकतीस. तिने मला सीटवर आपटलं. बरोबर केलं.

बाबा प्रतीक्षालयात बसले होते. एक बॅग, एक पिशवी, मांडीवर वर्तमानपत्र. त्यातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या. पावणेचार वाजत आले होते.

"झालं का काम?" त्यांनी विचारलं.

"बाबा, एकदा तरी पुन्हा फोन करायचा! कुणाच्या तरी फोनवरून! नाहीतर रिक्षा करून यायचं, पत्ता होता ना तुमच्याकडे?"

"अगं, म्हटलं, मंगळवार आहे. माझा वार नाही. मधेच घुसलो तर तुझी सिस्टीम बिघडायची."

सुखदा तिथेच त्यांच्याशेजारी बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. वैभवीला वाटलं, आपण समजवावं. "आजोबा, मम्माची चूक नाही. फोनने तुम्हाला 'सवडीने'मध्ये टाकलं होतं. सवडीने म्हणजे काय पण?"

 शब्दाचा अर्थ चुकीचा सांगणं बाबांना कधी जमलं नाही.

"सवडीने म्हणजे, वेळ उरला तर," ते म्हणाले.

 परतताना, यमुना ओलांडल्यावर, सुखदाने ती ओळ उघडून मला त्यांच्यापुढे धरलं, आरोपी हजर करतात तसं. बाबांनी चष्मा सारखा केला.

"'ह' जास्त पडलाय," ते म्हणाले.

"पण आजोबा, परवाह म्हणजे केअर!" वैभवी म्हणाली.

"असं होय? मग राहू दे."

सुखदा लगेच मला चाचपायला लागली. "थांबा, मी तुम्हाला मौनात येणाऱ्यांच्या यादीत टाकते."

"नको गं," ते हळूच म्हणाले. "मला आता कशातच घालू नकोस."

ते चार दिवस चांगले गेले, पण बाबा पाहुण्यासारखे राहिले. खुर्ची वापरली की पुन्हा होती तशी ठेवायचे. बॅग पूर्ण रिकामी केलीच नाही. शुक्रवारी जेवताना ते म्हणाले, "उद्या साडेअकराची गाडी आहे. साडेनऊला निघायला हवं. आठवणीत ठेव."

"ठेवते," सुखदा म्हणाली.

मी तयार होतो. पण तिने मला उचललंच नाही.

शनिवारी सकाळी रेल्वेचा निरोप आला. सुखदाने वाचला आणि बोटाने बाजूला सारला. मग थालीपिठं लावायला बसली. एक झालं, दुसरं झालं. वैभवी आजोबांकडून वर्तमानपत्रातल्या चुका शोधायला शिकत होती. साडेनऊ झाले, दहा झाले. आयुष्यात पहिल्यांदाच मला ओरडायचं होतं, आणि पहिल्यांदाच ओरडलो नाही याचं बरं वाटलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग लेकीकडे.

"सुखदा, गाडीचं विसरलीस ना?"

"अय्या, हो!" ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं."

 बाबा उठून खोलीत गेले. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार, मग हँगर सरकल्याचे आवाज. सुखदाने गॅस बारीक केला आणि पदराने डोळे टिपायला गेली. पदर नव्हता, कुर्ता होता, तेव्हा बाहीने टिपले.

सध्या मी बराचसा रिकामाच असतो. बाबा माझा टॉर्च लावून पलंगाखाली पेन्सिल शोधतात, तेवढंच. अपमान वाटत नाही. निदान त्या कामात मी चुकत नाही.

निरोप घेण्याआधी एक मागणं आहे. मला दूध सांगा, इस्त्रीचे कपडे सांगा, इटालियन शिकायचंय म्हणून सांगा. विसरलो तर हव्या तेवढ्या शिव्या घाला. पण कुणी तुमच्याकडे यायला निघालं असेल, तर ते तुमचं तुम्हीच लक्षात ठेवा. ते मला येत नाही.