चाळीस शब्दांचा बोलका तक्ता

मित्रांनो, मी एक जुना बोलका तक्ता आहे. मूठ तुटली, कडा झिजल्या, पण बंद काही पडत नाही, आणि माझी सगळी रड तिथेच आहे. माझ्या अंगावर चाळीस चित्रं आहेत, प्रत्येकाखाली एक अक्षर. चित्र दाबलं की मी नाव सांगतो आणि लगोलग म्हणतो, "शाब्बास, पुन्हा दाबा." कारखान्यात मला आवाज देणाऱ्या बाईंना त्या दिवशी सर्दी झाली होती, म्हणून 'मासा' मी जन्मभर नाकातून म्हणत आलो. तेही सोसलं असतं. पण मला ऐकू सगळं येतं आणि उत्तर देण्याची सोय मात्र नाही, याला काय म्हणावं?

ठमी वर्षाची झाली तेव्हा तिच्या बाबांनी मला घरी आणलं. आईबाबा सकाळीच कामावर जात. घरी ठमी आणि तिची आत्या. आत्या लोकांचे कपडे शिवून देई. मला ठमीपुढे ठेवलं की तिचा एक शर्ट निर्वेध उरके.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! एकदा ठमीला तहान लागली. तिनं पेल्याचं चित्र दाबलं, मी म्हणालो "पेला", आत्यानं पाणी दिलं. संध्याकाळी आत्या आईला सांगते, "पोर भारी हुशार हो. आपलं आपण पाणी मागते."

अहो, मागितलं मी! तिनं ओठसुद्धा हलवला नव्हता. पण हे सांगू कसा? मी आपला म्हणालो, "शाब्बास, पुन्हा दाबा."

मग तोच पायंडा पडला. भूक लागली, दाब केळं. बाहेर जायचंय, दाब चप्पल. घरात दिवसभर दोनच आवाज, मशीनचा आणि माझा. ठमी दोन वर्षांची झाली, अडीच झाली. तोंडातून शब्द नाही.

"बोलेल की," बाबा म्हणायचे. "मीसुद्धा उशिराच बोललो होतो."

"हो, आणि मग आजतागायत थांबला नाहीस," आत्या म्हणायची.

आईला मात्र घास गोड लागेना. "ताई, पुढच्या वर्षी ही शाळेत जाणार. तिथं पोट दुखलं तर कुणाला सांगेल कशी? त्याचं चित्र कुठाय या तक्त्यावर?"

यावर बाबांनी उपाय काय केला, तर माझे सेल बदलले. कपाळ माझं!

शेवटी आई हट्टानं सगळ्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. मीही पिशवीत होतोच. कान तपासले, ते उत्तम निघाले. मग बाईंनी विचारलं, "दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

बाबांनी मला पुढे केलं. "हा आहे ना. चाळीस शब्द म्हणतो."

"म्हणतो. बोलत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला टेबलावर पालथं घातलं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "हातात जे काम असेल, तेच तिला सांगत जा. काहीतरी विचारा आणि मग गप्प बसा. मनात दहा मोजा. तिच्या शब्दाला जागा ठेवा."

"मला बाई नाही जमायचं. जे उत्तर देत नाही त्याच्याशी काय बोलायचं?"

"दोरा तुटला की मशीनशी बोलता ना?"

आईला हसू फुटलं. "ते तर शेजाऱ्यांनाही पाठ झालंय."

आत्यानं मनावर घेतलं. "ही बघ बाही. आता कुठली लावू, ही की ती?" असं विचारून ती ओठांतल्या ओठांत मोजायची. एक, दोन, तीन, चार... तोवर ठमी सवयीनं माझ्यावर बोट ठेवायची आणि मी मध्येच नाक खुपसायचो, "मासा! शाब्बास!" झालं, मुसळ केरात. असे कितीतरी दिवस गेले. स्वतःचा इतका वीट मला कधीच आला नव्हता.

मग एका दुपारी आत्याच्या हातून शर्टाचं बटण निसटलं आणि घरंगळत गेलं. ते कुठे गेलं, हे ठमीनं पाहिलं. आत्या गुडघ्यांवर बसून शोधू लागली. "कुठे गेलं गं?"

ठमीनं मला ओढलं. माझ्यावर बटणाचं चित्र नाही. तिनं पंखा दाबला, चप्पल दाबली, मासा दाबला. मी प्रत्येक चुकीला शाब्बास म्हणत गेलो. आत्या जागची हलली नाही. चष्मा नाकावर, नजर ठमीच्या चेहऱ्यावर, ओठ हळूहळू हलताहेत. सात. आठ.

ठमीनं मला बाजूला सारलं, हात लांब केला आणि म्हणाली, "तिथं."

"कुठे तिथं?"

"तिथं. खाली."

बटण कपाटाखाली होतं. ते आत्यानं लगेच काढलंच नाही. गिऱ्हाइकाच्या त्याच शर्टानं डोळे पुसत ती जमिनीवर बसून राहिली. आणि मी विचार करत होतो, 'तिथं'चं चित्र काढणार तरी कोण, आणि कसं?

आता ठमीच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. आत्या कपड्यांना नावाच्या चिठ्ठ्या टाचते, तर ही अक्षरावर बोट ठेवून विचारते, "हे कुणाचं?" माझ्या चित्रांखाली तीच अक्षरं दीड वर्ष होती. एकाकडे तरी तिनं ढुंकून पाहिलं असेल तर शपथ!

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल तर माझ्यासारखा तक्ता जरूर असू द्या. पण तो त्याच्यापुढे टाकून निघून जाऊ नका. शेजारी बसा. चित्रातला मासा दिसला तर तुम्ही पाहिलेल्या माशाची गोष्ट सांगा. त्याला काहीतरी विचारा. आणि मग, देवाची आण आहे तुम्हाला, दहा मोजेपर्यंत गप्प राहा. मला तेवढंच कधी साधलं नाही.